गाडयेक अर्थ गावना नाय

सोमवार, ६ जानेवारी १९८६

दुरुस्ती. २९ डिसेंबरच्या नोंदीत मी अवतरणचिन्हांत लिहिलं आहे : "या गाडीत काही अर्थ नाही." पुढे राजाराम मिस्त्रीचं नाव. हे वाक्य राजारामचं नव्हे. तो असं बोलतच नाही. त्या दिवशी सकाळी अण्णा घरी नव्हते; तो गाडीखालून बाहेर आला, अंगाखालचं पोतं झटकलं आणि म्हणाला, "गाडयेक अर्थ गावना नाय. अण्णांका सांग. उगाच बॅटरी बदलीत बसा नुको म्हणान सांग." मालवणीत गावना नाय म्हणजे सापडत नाही, मिळत नाही. मी ते आपल्या मराठीत करून घेतलं आणि अवतरणचिन्हं मात्र तशीच ठेवली. प्रेसमध्ये दिवसभर लोकांची प्रुफं शुद्ध करते, ती सवय घरी आली. अर्थ तोच राहतो. पण शब्द त्याचे नव्हते, म्हणून इथे लिहून ठेवते.

आणखी एक. त्याच नोंदीत "डिसेंबरात गाडी पाच वेळा अडली" असं आहे. चार वेळा. पाचव्या वेळी अण्णा किल्ली घरी विसरले होते.

हे आज उकरून काढायचं कारण कालचा रविवार. एक रविवार आड अण्णा राजारामला हाक मारतात, दोघं बॉनेट उघडून त्यात डोकी घालतात, आणि आई दोनदा चहा पाठवते. अकरा वर्षं हे चाललं आहे. काल अण्णांनी हाक मारली नाही. राजारामची शेड मागच्या भिंतीला लागून, आमच्या खिडकीतून दिसते. तो स्टुलावर बसून इकडे बघत होता. अण्णांनी पेपर उलटा धरला असता तरी त्यांना कळलं नसतं.

२९ च्या संध्याकाळी मी अण्णांना ते वाक्य सांगितलं होतं. ते जेवत होते.

"अर्थ नाही म्हणाला? राजाराम?"

"हो."

"आणि काय म्हणाला?"

"बॅटरी बदलू नका म्हणाला."

"म्हणजे आता हिच्यावर पैसे घालू नका. भंगारात द्या." मग आमटीचा भुरका न मारताच वाटी खाली ठेवली. "बरोबर आहे. जुन्या गोष्टींत अर्थ नसतोच."

गाडी चौसष्टची फियाट. अण्णा जूनमध्ये निवृत्त झाले. कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं. ते गाडीबद्दलच बोलत होते असं मला त्या वेळी वाटलं.

मंगळवार, ७ जानेवारी

सकाळी लगेच सुरू झाली. संध्याकाळी नाही. त्यानंतर दहा मिनिटांनी, कोणी काही न करता, सुरू.

बुधवार, ८ जानेवारी

जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस लागली आहे. उतरवून घेतली :

"विशेष सर्वसाधारण सभा, रविवार दि. २ फेब्रुवारी, सकाळी १० वाजता, गच्चीवर. विषय : मागील भिंतीलगतची गॅरेजची शेड हटवून त्या जागी स्कूटर स्टँड करणे. सदर गॅरेजवाल्या इसमास कामाची आस्था राहिलेली नसून तो जुन्या सभासदांच्या वाहनांबाबतही 'या गाडीत काही अर्थ नाही' अशी उत्तरे देतो."

खाली दोन सह्या. सेक्रेटरी चंद्रप्रकाश. आणि अण्णा.

चंद्रप्रकाश हा ठराव तीन वर्षं आणतायत. दर वेळी अण्णा नको म्हणायचे आणि तो पडायचा. अण्णा सोसायटीच्या पहिल्या सात सभासदांपैकी, त्यांच्यापुढे कोणी जात नाही.

माझं वाक्य. माझ्या अवतरणचिन्हांसकट.

जिन्यात चंद्रप्रकाश भेटले. "काय उत्तरा, तुझ्या एका वाक्यानं काम केलं हं. मी तीन वर्षं घसा कोरडा केला यार, आणि तू एका जेवणात!"

मी हसले. का हसले?

वर जाऊन अण्णांना म्हटलं, "तुम्ही माझं वाक्य दिलंत."

"तूच सांगितलंस ना? की त्यात काही फरक आहे?"

"शब्द जरा वेगळे होते. तो मालवणीत—"

"आणि अर्थ?"

"अर्थ तोच."

"मग झालं."

आई आतून म्हणाली, "पंचावन्नाव्या वर्षी तो माणूस कुठे नवं दुकान मांडणार, ते पण लिहा नोटिशीत." अण्णांनी रेडिओ मोठा केला.

गुरुवार, ९ जानेवारी

राजारामकडे जाऊन विचारावं, गाडीला नक्की झालंय काय? पण तिथे जायचं तर आधी नोटिशीबद्दल बोलावं लागेल. माझ्यात ते नाही. गेटमधून बाहेर पडतानासुद्धा मी आता पुढून जाते.

त्यापेक्षा आपणच शोधायचं. गाडी का अडते ते कळलं आणि ती बरी झाली, तर अण्णांचा राग उतरेल. राग उतरला की सही मागे घेतील. असा माझा हिशेब. अगदी खरं लिहायचं तर तेवढंच कारण नाही. हे मला कळत नाहीये, आणि कळत नसलेली गोष्ट मला जेवू देत नाही. रोज अडली असती तर मी विचार केला नसता. मोडली, एवढंच म्हटलं असतं. ही कधी अडते, कधी नाही. म्हणजे तिला काहीतरी कारण आहे आणि ती ते सांगत नाही.

वेगळी वही केली. डाव्या पानावर पाहिलं ते, उजव्या पानावर वाटलं ते. ही पद्धत अण्णांचीच. बाळदम्यामुळे नवव्या वर्षापर्यंत मी शाळेत गेले नाही. अण्णांनी घरी शिकवलं. एकदा मी डाव्या पानावर लिहिलं होतं, "मांजराला राग आला." अण्णांनी ते खोडलं आणि लिहायला लावलं, "मांजराने शेपूट आपटली."

शनिवार, ११ जानेवारी

काल अण्णा गाडी हायवेवरच्या दुसऱ्या गॅरेजात घेऊन गेले. तिथे नवी बॅटरी बसवली. तिथला माणूस म्हणाला, "साब, अब मक्खन चलेगी." तीन वेळा चालली. आज सकाळी चौथ्यांदा, टक्. फक्त एवढाच आवाज. टक्, आणि शांतता.

मग अण्णांनी हँडल घातलं आणि एकच गिरकी दिली. पहिल्या फटक्यात सुरू.

डावं पान : सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) मारला की सुरू होत नाही. हातानं फिरवलं की होते.

उजवं पान : म्हणजे इंजिन बरं आहे. पेट्रोल, ठिणगी, सगळं ठीक. बिघाड फक्त फिरवणाऱ्यात.

आतापर्यंत ज्या ज्या कारणांवर काट मारली ती : थंडी (दुपारीही अडली). गाडी धुणं (न धुताही अडली). टाकीत पेट्रोल कमी (भरलेली असताना अडली). आई बसलेली असणं. हे शेवटचं अण्णांनी सुचवलं, कारण सहापैकी चार वेळा आई गाडीत होती.

आई म्हणाली, "माझ्या बसण्यावरून कोणी पंचांग काढू नका. मी आता मागच्या सीटवर राहायलाच जाते, मग बघा."

रविवार, १२ जानेवारी

आज एक चांगला प्रयोग झाला. कल्पना माझी, पण अण्णांना पटली आणि थोडा वेळ ते पूर्वीसारखे झाले.

सकाळी गाडी अडली तेव्हा मी समोर जाऊन उभी राहिले. अण्णांना म्हटलं, पुढचे दिवे लावा आणि तसेच ठेवून सेल्फ मारा. त्यांनी मारला. टक्. दिवे होते तसेच. जरासुद्धा मंद झाले नाहीत. पाच वेळा करून घेतलं. एकदा मला वाटलं की डावा दिवा किंचित हलला, पण माझी पापणी होती.

अण्णा खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "काढ अनुमान."

"बॅटरी थकलेली असती तर दिवे मंद झाले असते."

"आणि झाले नाहीत, म्हणजे?"

"बॅटरीत ताकद आहे. पण सेल्फ ती घेतच नाहीये. वाटेत कुठेतरी अडते."

"कुठे?"

"ते माहीत नाही."

"माहीत नाही हे चांगलं उत्तर आहे," असं म्हणाले. नऊ वर्षांची असताना म्हणायचे तसं.

मी म्हणजे काय मूर्ख! हीच वेळ होती. तेव्हाच म्हणायला हवं होतं, की बॅटरी बदलू नका असं राजाराम पहिल्या दिवशीच म्हणाला होता आणि तो बरोबर होता. जीभ उचलली नाही. सेल्फसारखीच.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत.

सकाळी हवेत गारवा. अण्णांनी चोक पूर्ण ओढला, एका हातानं धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं सेल्फ मारत राहिले. टक्. टक्. या खेपेस टक् नंतर एक जडसा गुरगुर आवाज, जणू कोणी झोपेतून अर्धं उठून परत पडलं. मग अण्णांनी झटकन हात काढला आणि बोट तोंडात घातलं.

"काय झालं?"

"काही नाही."

मी चोकच्या मुठीला हात लावला. गरम. मूठ नुसती नाही, तिच्यामागची तारही. वास येत होता, रबर तापल्यासारखा.

अण्णांनी एकदा तारेकडे पाहिलं, एकदा बॉनेटकडे. मग वर गेले.

डावं पान : चोकची तार तापली.

उजवं पान : तार का तापावी? तिच्यात वीज नसते. ती फक्त ओढायची तार आहे, मोटेच्या दोरासारखी. दोर कसा तापेल?

(अण्णांबद्दल : बहुधा कंटाळले. वय झालं.)

आईनं तिळाचे लाडू केले. राजारामचा डबा दरवर्षी वेगळा भरते. भरला, झाकण लावलं आणि फडताळात ठेवून दिला. नेऊन दे, असं कोणीच कोणाला म्हणालं नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

दोनदा सुरू. अण्णांना वही दाखवायला गेले तर म्हणाले, "तू बघ आता. मला नको."

शनिवार, १८ जानेवारी

माझ्या सांगण्यावरून हायवेवाल्यांनी गाडी नेऊन सेल्फची मोटर काढली होती. मी मुद्दाम रजा टाकून बघायला गेले. त्यांनी ती लाकडी टेबलावर ठेवली, बॅटरीच्या दोन जाड वायरी लावल्या आणि ती इतक्या जोरात फिरली की टेबलावरचा चहाचा ग्लास सरकला. "सेल्फ एक नंबर," म्हणाले. परत गाडीत बसवली. टक्.

"बेन, कधीकधी गाडीच तशी असते," तिथला माणूस म्हणाला. याला उत्तर म्हणत नाहीत.

टेबलावर फिरते, गाडीत नाही. टेबलाकडे असं काय आहे जे गाडीकडे नाही?

घरी येऊन बॉनेट उघडून वायरी मोजल्या. टेबलावर दोन जाड वायरी होत्या. गाडीत सेल्फकडे जाणारी जाड वायर एकच. तीन वेळा मोजली. एकच.

रविवार, १९ जानेवारी

सापडलं.

पहाटे जागी झाले तीच टॉर्चच्या बल्बची आठवण घेऊन. सात वर्षांची असताना अण्णांनी मला एक सेल, एक बल्ब आणि एक वायर दिली होती. मी वायर लावली. बल्ब लागला नाही. अण्णा म्हणाले, "वीज गेली खरी. पण परत कशी येणार? जायची वाट केलीस, यायची कुठे आहे?"

गाडीत यायची वाट म्हणजे गाडीचं लोखंड. म्हणून दुसरी वायर लागत नाही. सेल्फ इंजिनाला बोल्टनं घट्ट बसवलेला, म्हणजे इंजिनाच्या लोखंडातून वीज परत येणार. पण इंजिन कशावर बसलंय? वाकून बघितलं. रबरावर! धक्के बसू नयेत म्हणून चारही बाजूंना रबराचे ठोकळे. मग इंजिनातून बॉडीत वीज येते कुठून?

आणि मग चोकची तार. एक टोक इंजिनाला, दुसरं बॉडीला. खरं दार बंद आहे म्हणून गर्दी खिडकीतून बाहेर पडायला बघते. तार तापणार नाही तर काय होईल?

म्हणजे कुठेतरी खरं दार असणार, आणि ते मोडलेलं असणार.

अण्णा सांताक्रूझला मावशीकडे गेले होते, बसनं. पोतं घेतलं आणि गाडीखाली शिरले. पहिल्या मजल्यावरून कोणीतरी म्हणालं, "अगो बघ, उत्तरा गाडीखाली!" मग निदान चार खिडक्या उघडल्याचे आवाज आले. आई गच्चीवरचे पापड टाकून खाली आली आणि माझ्या पायांशी उभी राहिली, पदर पसरून, जणू मी कपडे बदलते आहे.

इंजिनाच्या मागच्या अंगाला तांब्याची चपटी पट्टी. वेणीसारखी विणलेली. एक टोक इंजिनाला, एक बॉडीला. हिरवी पडलेली, आणि मधोमध जवळजवळ तुटलेली. चार-पाच केसांवर लोंबत होती. काडीनं ढोसली की हलते. कधी टेकते, कधी नाही! म्हणून कधी सुरू, कधी नाही. म्हणून दहा मिनिटांनी आपोआप. म्हणून कोणी वाकून हलवाहलव केली की कधीकधी सुरू.

पण हे अजून उजवं पान. डाव्यावर यायला पुरावा हवा.

टायर काढायची टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घेतली. चाकांना विटा लावल्या. गिअर मोकळा आहे ना, ते तीनदा पाहिलं. आईला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. ती लग्नानंतर पहिल्यांदाच त्या बाजूला बसत होती.

"मी सांगितलं की सेल्फ मार."

"कशानं मारू?"

आधी टॉमीशिवाय. टक्. पुन्हा. टक्. मग टॉमीचं एक टोक इंजिनावर दाबलं, दुसरं बॉडीच्या उघड्या लोखंडावर. "आता!" एक निळी ठिणगी, आणि इंजिन घरघरून सुरू झालं. आई किंचाळली. मग हसायला लागली. मग उतरेचना.

"राहू दे गं चालू थोडा वेळ," म्हणाली. "माझ्या हातानं झालीय."

सहा वेळा करून पाहिलं. टॉमी असेल तर सुरू, नसेल तर नाही. सहाच्या सहा.

आता नवी पट्टी आणायची, तिच्यासकट अण्णांपुढे वही ठेवायची. आज मला फार बरं वाटतंय.

मंगळवार, २१ जानेवारी

हे नीट, क्रमानं लिहिते.

प्रेसमधून सुटून स्टेशनजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. मला नाव माहीत नसल्यामुळे शेठना वर्णन करून सांगितलं : तांब्याची चपटी पट्टी, वेणीसारखी विणलेली, दोन्ही टोकांना भोक, इंजिनपासून बॉडीपर्यंत जाते.

शेठ आत वळून म्हणाले, "अरे, फियाटची अर्थ-पट्टी काढ."

"काय म्हणालात?"

"अर्थ. अर्थ-पट्टी. इंजिनला अर्थ नाय मिळाला तर सेल्फ उचलणार कसा, बेन?"

मी विचारलं, अर्थ म्हणजे? शेठ माझ्याकडे बघत राहिले. "अर्थ म्हणजे अर्थ. इंग्लिशमां, जमीन."

गाडयेक अर्थ गावना नाय.

अण्णा त्याला भूसंपर्क म्हणतात. आमच्या घरी इस्त्रीच्या तिसऱ्या पिनेला भूसंपर्क, लहानपणापासून. त्यांनी मला सगळं मराठीतून शिकवलं, आणि पुढे मी मराठीच घेऊन बी.ए. झाले. गॅरेजातला अर्थ माझ्या कानावर कधी पडलाच नव्हता.

राजारामनं पहिल्या दिवशी, पोतं झटकता झटकता, रोगाचं नाव सांगितलं होतं. चार शब्दांत. वर हेही, की बॅटरी बदलू नका. दहा दिवस वही भरून मी जिथे पोचले, ते त्यानं मला हातात दिलं होतं आणि मी ते दुरुस्त केलं.

६ तारखेला तर मी त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. आणि पुढे काय लिहिलं? "अर्थ तोच राहतो."

पट्टी पर्समध्ये आहे. शेठनी गुजराती पेपरात गुंडाळून दिली.

बुधवार, २२ जानेवारी

सांगितलं नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

सांगितलं नाही. गाडी सुरू झाली. अडली असती तर सांगितलं असतं, असं वाटतं. पण हे उजवं पान.

शुक्रवार, २४ जानेवारी

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. आधी तिला कळलं नाही. मग कळलं आणि ती इतकी हसली की सूप बाजूला ठेवावं लागलं. मग एकदम थांबली.

"म्हणजे त्या बिचाऱ्यानं दुखणं सांगितलं, आणि आपण त्याला नोटीस लावली."

"मी लावली."

"सही तुझी आहे का? उगाच सगळं अंगावर ओढून घेऊ नकोस. तुला लहानपणापासून खोड आहे."

"आज अण्णांना सांगते."

"सांग. पण आधी त्याच्याकडे जा. ज्याचं वाक्य बिघडवलंस त्याला आधी कळू दे."

जाताना तिनं फडताळातला लाडवांचा डबा माझ्या हातात दिला. मी आज गेले नाही. उद्या शनिवार, अर्धा दिवस.

शनिवार, २५ जानेवारी

गेले. शेडमध्ये राजाराम एकटा होता, खाली बसून नट-बोल्टांचे पाने पुसत होता. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडलेले.

"येवा ताय. वाट चुकलास?"

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पहिल्यापासून, तारखांसकट. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर हातातला पाना खाली ठेवला.

"म्हणजे माझा बोलणा तू साबणान धुतलंस."

"हो."

"आणि धुताना रंगच गेलो." आणि हसला. मला रडू येत होतं आणि तो हसत होता. "रडतंस कित्याक गो? अर्ध्या तासाचा काम होता ता. पट्टी हातात नव्हती, रविवार, दुकान बंद. म्हटलंय, सोमवारी अण्णा बोलावतले, तेव्हा बसवया. सोमवार गेलो. मंगळवार गेलो. मगे नोटीस इली."

"तुम्ही का नाही आलात विचारायला?"

"अण्णांची सही बघलंय ना. म्हटलंय, अण्णांनी सही केल्यानी म्हणजे माझाच कायतरी चुकला आसतला." पाना परत उचलला. "काय चुकला ता मात्र गावना नाय होता. तीन आठवडे इचार करतंय. अण्णांच्या गाडयेचे ब्रेक मी मे महिन्यात केलंय, त्यात काय ऱ्हवला काय? की गणपतीत अण्णा माझ्याकडे चाय पियाक इले नाय, तेव्हाच कायतरी झालेला?"

शेड गेली तर काय करणार, हे मी विचारलं.

"कांजूरला घराच्या पुढ्यात बसान. पण थंय गाडयो खय? सायकलींका हवा भरान." मग म्हणाला, "तू अण्णांका सांग. अण्णा सही मागे घेतले तर त्या चंद्रप्रकाशाचा काय चालाचा नाय. आणि रागान नुको सांगू. त्यांका रिटायर झाल्यापास्ना सगळाच लागता."

हे त्याला कसं कळलं? मी त्याच घरात राहते आणि मला कळलं नाही.

डबा घेतला. एक लाडू तिथेच खाल्ला आणि एक मला दिला. मी पट्टी दाखवली. पेपर सोडून, वाकवून, दोन बोटांत धरून पाहिली. "बरोबर आसा. बोलवा, दोन बोल्टांचा काम."

रविवार, २६ जानेवारी

आवारात झेंडावंदन. अण्णा आणि राजाराम समोरासमोर आले. दोघांनी वर झेंड्याकडे पाहिलं.

नंतर घरी दोनदा अण्णांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. एकदा ते झोपलेले होते. एकदा जागे होते, तरी मी परतले.

मंगळवार, २८ जानेवारी

अण्णा भाजी आणायला गेले होते. ठरवलं, पट्टी त्यांच्या हत्यारांच्या खणात ठेवायची, ते आले की खण उघडून दाखवायची आणि बोलायला लागायचं. म्हणजे मागे फिरता येणार नाही.

खण उघडला. आत पट्टी होती. नवी, तसल्याच गुजराती पेपरात गुंडाळलेली. कागदावर तारीख १६ जानेवारी. म्हणजे त्या दिवशी किंवा नंतर घेतलेली. निश्चित एवढंच.

मागे अण्णा उभे होते, पिशवी हातात. माझ्या हातातली पट्टी आणि खणातली पट्टी, दोन्हींकडे पाहिलं. "राजारामला माहीत आहे?" एवढंच विचारलं.

"त्याला पहिल्यापासून माहीत होतं. तुम्हाला?"

"दुकानात 'अर्थ-पट्टी' ऐकलं, तेव्हा कळलं. रविवार जाऊ दे. मग बसवू."

"आणि सही?"

"त्याच्या शेडपर्यंत चाळीस पावलं चालून मी त्याला विचारलं नाही, उत्तरा. हे आता सगळ्यांसमोर कसं सांगू?"

भाजी ओट्यावर ठेवून खोलीत गेले. दार लावलं नाही, नुसतं लोटलं.

मी सभासद नाही. परवानगी मागितली तर चंद्रप्रकाश बोलू देणार नाहीत. मागणार नाही. सगळे बसले की उभी राहणार आणि दोन्ही वाक्यं वाचणार, आधी माझं, मग राजारामचं, त्याच्या शब्दांत. अण्णा पहिल्या रांगेत असतील. रविवार, २ फेब्रुवारी, सकाळी दहा.